जुन्या कथील खाणींच्या ढिगांत दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा शोध: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. मोटारींना लागणाऱ्या चुंबकांचा पुरवठा अडला आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या चहाच्या टपरीवरही डिस्प्रोसियमचं नाव निघू लागलं. माझं काम खनिजांच्या शोधाशी निगडित असल्यामुळे फाउंड्रीवाले, विद्यार्थी, शाहूवाडी-राधानगरीकडचे शेतकरी आणि पैसे गुंतवू पाहणारे असे सगळ्या तऱ्हेचे लोक मला गाठून विचारतात. परदेशात जुन्या कथील खाणींच्या टाकाऊ मालातून ही मूलद्रव्यं काढण्याच्या बातम्या येतात, त्यामुळे बरेच प्रश्न त्याच वाटेने येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं म्हणजे नेमकी कोणती?

लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा, आणि त्यांच्याच संगतीने वावरणारी स्कँडियम व इट्रियम, अशी एकूण १७. त्यातलं प्रोमेथियम किरणोत्सारी असून निसर्गात जवळजवळ मिळतच नाही, म्हणून व्यवहारात १६ धरायची. लँथेनम, सेरियम, प्रेसिओडिमियम, निओडिमियम ही हलक्या गटातली. टर्बियम, डिस्प्रोसियम, इट्रियम वगैरे जड गटातली. ताकदवान चुंबक बनतात ते निओडिमियम आणि प्रेसिओडिमियमचे. मोटार तापली तरी चुंबकाची ताकद उतरू नये म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात.

पृथ्वीच्या कवचात सेरियम साधारण ६० पीपीएम (दहा लाख भागांत ६० भाग) आहे, म्हणजे जवळपास तांब्याइतकं. कथील मात्र २ पीपीएमच्या घरात. म्हणजे ज्या कथिलाने आपल्या आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हई होत असे, ते सेरियमपेक्षा कितीतरी कमी आहे. तरीही कथील हजारो वर्षं वापरात आहे आणि निओडिमियम कालपरवाचं. कारण कथील एका जागी साठतं आणि कोळशाच्या भट्टीत सहज सुटं होतं. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं विखुरलेली असतात, आणि त्यांचा रासायनिक स्वभाव इतका सारखा की एकमेकांपासून वेगळी करायला द्रावक निष्कर्षणाच्या, म्हणजे एका द्रवातून दुसऱ्या द्रवात ओढून घेण्याच्या, शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात.

कथिलाच्या खाणीशी त्यांचा काय संबंध?

दोघांचं मूळ एकाच खडकात असतं. ग्रॅनाइटचा रस जमिनीखाली हळूहळू थिजतो तेव्हा फेल्डस्पार, क्वार्ट्झ अशी नेहमीची खनिजं आधी बनतात. ज्या अणूंचा आकार किंवा विद्युतभार या खनिजांच्या जाळीत बसत नाही, ते शेवटच्या उरलेल्या रसात गोळा होत जातात. कथील, इट्रियम, जड गटातली मूलद्रव्यं, नायोबियम, टँटलम, थोरियम, युरेनियम ही सगळी अशीच मागे राहिलेली मंडळी. म्हणून कथिलाच्या ग्रॅनाइटजवळ कॅसिटेराइट, म्हणजे कथिलाचं खनिज, आणि त्याच परिसरात मोनाझाइट व झेनोटाइम सापडतात. मोनाझाइटमध्ये मुख्यतः हलका गट असतो, झेनोटाइममध्ये इट्रियम आणि जड गट. आजच्या बाजारात ओढ आहे ती जड गटाला, म्हणून झेनोटाइमचं नाव निघालं की आमच्या लोकांचे कान टवकारतात.

नंतर पाऊस आणि नद्या हा खडक झिजवतात. ही सगळी खनिजं जड आणि चिवट असल्यामुळे नदीच्या गाळात एकत्र बसतात. मलेशियाचं किंता खोरं, इंडोनेशियाची बांका आणि बेलितुंग बेटं इथलं कथील मुख्यतः अशा गाळातूनच निघालं.

मग तेव्हाच्या खाणवाल्यांनी हे फेकून का दिलं?

त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून. कथील काढून घेतल्यावर उरलेल्या जड काळ्या वाळूला मलेशियात ‘आमांग’ म्हणतात. त्यात इल्मेनाइट (टायटॅनियमचं खनिज), झिरकॉन (झिर्कोनियमचं), मोनाझाइट, झेनोटाइम असतात. काही ठिकाणी आमांग वेगळी करून विकली गेली, पण पुष्कळशी वाळू ढिगांत आणि जुन्या तळ्यांत गेली. त्यातच ऑक्टोबर १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कथील परिषदेची भाव सावरण्याची व्यवस्था कोसळली, कथिलाचा भाव गडगडला आणि जगभर खाणींना टाळी लागली. मागे राहिलेले ढीग तेव्हापासून पडून आहेत.

सगळ्या कथील खाणींच्या ढिगांत हे सापडतं का?

नाही. आणि इथेच बातम्या वाचणाऱ्यांची सर्वाधिक दिशाभूल होते.

गाळातून कथील काढलेल्या खाणींचा कचरा बहुधा उपयोगी, कारण निसर्गाने दळण्याचं आणि निवडण्याचं अर्धं काम आधीच केलेलं असतं. खनिजाचे कण सुटे असतात. खडकातल्या शिरांमधून कथील काढलं असेल, जसं इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, तर कचऱ्यात आर्सेनिक आणि गंधकयुक्त खनिजं भरपूर असण्याची शक्यता जास्त आणि मोनाझाइट-झेनोटाइम कमी. ब्राझीलच्या अमेझोनास राज्यातल्या पिटिंगा खाणीत कथिलाबरोबर झेनोटाइम आहे, म्हणून तिच्या कचऱ्याकडे लक्ष जातं. दोन खाणींवर ‘कथील’ अशी एकच पाटी असली तरी ढिगातला माल पार वेगळा असू शकतो.

तिसरा प्रकार भट्टीच्या मळीचा. कथील वितळवल्यावर जी मळी उरते तिच्यात टँटलम-नायोबियम जातं. थायलंडमध्ये फुकेत इथे अशा मळीतून टँटलम काढणारा कारखाना सुरू होण्याआधीच, जून १९८६ मध्ये, प्रदूषणाच्या भीतीने संतापलेल्या लोकांनी जाळला.

कोल्हापूर जिल्ह्यात कथिलाची खाण आहे का?

नाही, आणि निघण्याची शक्यताही नाही. आपला जिल्हा बहुतांशी बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्री बनला. त्यातल्या एका थराला भूशास्त्रज्ञांनी आपल्या पन्हाळ्याचंच नाव दिलं आहे. बेसॉल्ट हा ग्रॅनाइटसारखा शेवटच्या रसापर्यंत निवडत गेलेला खडक नव्हे, त्यामुळे त्यात कथील साठत नाही. भारतात कथिलाचं खनिज निघतं ते छत्तीसगडच्या दंतेवाडा-सुकमा भागात. तिथले आदिवासी ते पाण्यात धुऊन गोळा करतात. हरियाणात तोशाम इथेही कथिलाचं खनिज सापडलेलं आहे.

मग राधानगरी, शाहूवाडीच्या बॉक्साइटच्या ढिगांत काही असेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या मातीचा आहे.

आपल्या सड्यांवरचा जांभा आणि बॉक्साइट म्हणजे लाखो वर्षं पावसाने धुऊन काढलेला बेसॉल्ट. सिलिका निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. मूळ बेसॉल्टमध्येच सगळी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मिळून साधारण १०० पीपीएमच्या आसपास असतात. धुपेत त्यांतली काही वाहून जातात, काही खालच्या चिकणमातीत बसतात. स्कँडियम मात्र लोहाला चिकटून राहतं. म्हणून खाणीच्या तोंडाशी पडलेल्या जांभ्याच्या ढिगात निओडिमियमचा साठा सापडेल अशी आशा मी कुणाला लावणार नाही.

खरी जागा पुढे आहे. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडच्या पठारावरचं बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) कारखान्याला जात असे. तिथे गरम कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिना विरघळतो आणि बाकी सगळं लाल चिखल म्हणून उरतं. एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन चिखल. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं विरघळत नाहीत, ती चिखलातच राहतात, त्यामुळे त्यांचं प्रमाण बॉक्साइटच्या साधारण दुप्पट होतं. ग्रीसमधल्या लाल चिखलात एकूण प्रमाण १००० पीपीएमच्या आसपास भरतं आणि स्कँडियमही दखल घेण्याजोगं असतं, पण ते बॉक्साइट चुनखडीवरचं आहे, आपलं बेसॉल्टवरचं. तिथला आकडा इकडे आणून लावता येत नाही. आपल्याकडे नागपूरच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात लाल चिखलाच्या वापरावर काम चालतं.

आणखी एक सांगायलाच हवं. हे सडे नुसते दगड नाहीत. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाच्या जागांपैकी एक आहे. पावसाळ्यात या कातळावर जी फुलं उगवतात ती सपाटून काढलेल्या जमिनीवर परत येत नाहीत. जो शोध घ्यायचा तो आधीच उकरून ठेवलेल्या मालात घ्यावा, नवा सडा फोडून नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

जुना ढीग तपासतात तरी कसा?

कुदळ मारायच्या आधी कागद. खाण कोणत्या वर्षी कशी चालली, माल कुठे धुतला, नळ कुठे सोडला, दुसऱ्या खाणीचा माल याच ढिगात टाकला का, हे जुन्या नोंदींतून आणि म्हाताऱ्या कामगारांकडून काढायचं. जुन्या नकाशातली मूळ जमिनीची उंची आणि आज ड्रोनने मोजलेली उंची यांच्या वजाबाकीतून ढिगाचं घनफळ मिळतं.

मग छिद्रं. ढिगाच्या कडेचा, वरचा, हाताला येईल तो नमुना घेणं ही सर्रास होणारी चूक. वारा-पावसाने वरचे हलके कण उडून-वाहून जातात, जड काळी वाळू पृष्ठभागावर राहते आणि नमुना खोटा श्रीमंत दिसतो. ढिगाच्या आतही माल एकसारखा नसतो. पाण्याबरोबर सोडलेल्या गाळात जड, जाडसर कण नळाच्या तोंडाशी बसतात आणि बारीक चिखल लांब जातो; नळाची जागा बदलली की थरांची उलथापालथ होते. म्हणून ठराविक अंतरावर, उदाहरणार्थ ५० मीटरच्या चौकटीत, ढिगाच्या तळाखालच्या मूळ जमिनीपर्यंत छिद्रं घ्यावी लागतात आणि दर मीटरचा नमुना वेगळा ठेवावा लागतो. पाण्याखालची सैल वाळू साध्या ऑगरमधून, म्हणजे जमिनीत फिरवत घालायच्या गिरमिटातून, निसटते, तिथे कंपनावर चालणारं सॉनिक ड्रिलिंग बरं पडतं. ओलावा आणि घनता तिथल्या तिथे मोजायची, नाहीतर घनफळाचे टन करताना हिशोब चुकतो.

नमुन्यांच्या पिशव्यांमध्ये काही कोऱ्या वाळूच्या, काही दुबार आणि काही प्रमाण माहीत असलेल्या पावडरीच्या पिशव्या मिसळून देतात. प्रयोगशाळेला त्या ओळखू येत नाहीत. अहवालात या पिशव्यांचे आकडे दाखवले नसतील तर बाकीच्या आकड्यांवर विसंबू नका.

प्रयोगशाळेत कोणत्या पद्धतीने विरघळवलं, हेही विचारा. मोनाझाइट, झेनोटाइम आणि झिरकॉन नेहमीच्या चार आम्लांच्या मिश्रणात पूर्ण विरघळत नाहीत, आकडा कमी येतो. सोडियम पेरॉक्साइड किंवा लिथियम बोरेटबरोबर वितळवून मग आयसीपी-एमएस या अगदी थोडं प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर मोजावं लागतं.

हातातल्या एक्सआरएफ गनने लगेच कळत नाही का?

भंगाराच्या व्यापाऱ्यांकडे आणि फाउंड्रीत मिश्रधातू ओळखायला ही क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारी गन असते, म्हणून हा प्रश्न येतो. इट्रियम तिला बरं दिसतं. लँथेनम, सेरियम चांगल्या यंत्रावर अंदाजाने. डिस्प्रोसियमचं मात्र कठीण. त्याच्या क्ष-किरणाची ऊर्जा ६.५० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ आणि लोहाची ६.४०. आपल्या जांभ्यासारख्या लोहाने भरलेल्या मातीत यंत्राच्या आलेखातला लोहाचा प्रचंड उंचवटा डिस्प्रोसियमला पूर्ण झाकून टाकतो. कुणी जांभ्याच्या तुकड्यावर गन लावून ‘डिस्प्रोसियम आहे’ म्हणालं तर त्या पडद्यावर विश्वास ठेवू नका.

कथिलाच्या ढिगांवर गॅमा किरण मोजणारं साधन जास्त कामाचं. मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं, त्यामुळे जिथे मोजणी चढते तिथे मोनाझाइट असण्याचा संभव. छिद्रं कुठे घ्यायची ते ठरवायला याची फार मदत होते.

५०० पीपीएम म्हणजे चांगला आकडा आहे का?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर लोकांचे पैसे जातात, म्हणून सविस्तर सांगतो. पुढचे आकडे समजुतीसाठी मानलेले आहेत, कुठल्या एका ढिगाचे नाहीत.

१००० पीपीएम म्हणजे टनात एक किलो. ५०० पीपीएम म्हणजे अर्धा किलो. ढीग १० लाख टनांचा असेल तर त्यात एकूण ५०० टन ऑक्साइड. धुऊन आणि चुंबकाने वेगळं करताना समजा ६० टक्के हाती आलं, म्हणजे ३०० टन. रसायनाच्या टप्प्यात त्यातलं ८५ टक्के मिळालं तर २५५ टन. मोनाझाइटमधल्या मालात निओडिमियम-प्रेसिओडिमियम मिळून साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे ५० टनांच्या आसपास. बाकीचं बरंचसं सेरियम आणि लँथेनम, ज्यांना भाव फार नाही. ५०० टनांची बातमी ५० टनांवर आली.

आता दुसरी बाजू. ३०० टन ऑक्साइड देणारं मोनाझाइट, ५५ टक्के प्रमाण धरलं तर, सुमारे ५४५ टन. त्यात ६ टक्के थोरियम ऑक्साइड धरलं तरी ३३ टन थोरियम ऑक्साइड तुमच्या अंगणात जमा झालं. ते कुठे ठेवणार?

शिवाय ते ५०० पीपीएम मोनाझाइटच्या सुट्या कणांत आहे की झिरकॉन, फेल्डस्पार आणि चिकणमातीत विखुरलेलं आहे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. विखुरलेलं असेल तर हातात काहीच येत नाही. सुट्या झेनोटाइमचा ३०० पीपीएमचा ढीग मी विखुरलेल्या १००० पीपीएमच्या ढिगाआधी बघेन. आकडा मूलद्रव्याचा आहे की ऑक्साइडचा, हेही विचारून घ्या. तोच माल ऑक्साइडमध्ये सांगितला की आकडा पंधरा ते सत्तावीस टक्क्यांनी फुगतो.

वाळूतून ही खनिजं वेगळी कशी करतात?

पहिला टप्पा वजनाचा. क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व २.६५, झेनोटाइम आणि मोनाझाइटचं साडेचार ते पाचच्या आसपास, कॅसिटेराइटचं सातच्या जवळ. सुपात धान्य पाखडताना फोल पुढे जातो आणि दाणा मागे राहतो, तसंच पाण्याच्या प्रवाहात स्पायरल (गोल गोल उतरणारी पन्हळ) आणि हलत्या टेबलावर हलकी वाळू निघून जाते. जुन्या यंत्रांतून निसटलेलं थोडं कथीलही याच टप्प्यावर परत मिळतं, आणि पुष्कळदा सगळ्या प्रकल्पाचा खर्च तेच कथील उचलतं.

दुसरा टप्पा चुंबकाचा. इल्मेनाइट लवकर ओढलं जातं, झेनोटाइम आणि मोनाझाइटला जास्त ताकदीचं चुंबक लागतं, झिरकॉन आणि कॅसिटेराइट मागे राहतात. मग उच्च दाबाच्या विजेचं यंत्र: इल्मेनाइट आणि कॅसिटेराइट वीज वाहून नेतात, बाकीची तिन्ही नाहीत. या तिन्ही गुणांची सांगड घातली की स्वच्छ माल मिळतो. कण फार बारीक, चिखलासारखे असतील तर यातली कुठलीच युक्ती नीट चालत नाही.

पुढे मोनाझाइट तीव्र कॉस्टिक सोड्याने किंवा गंधकाम्लाने फोडतात. भारतात हे काम आयआरईएल ही सरकारी कंपनी करते. १९५० मध्ये ती स्थापन झाली. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट हा तिचा कच्चा माल आहे.

थोरियमची भीती खरी आहे की उगाच?

खरी आहे. मलेशियाच्या पेराक राज्यात इपोहजवळ बुकिट मेराह गावाशी ‘एशियन रेअर अर्थ’ कंपनीचा कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला. कच्चा माल हाच, कथील खाणींच्या आमांगमधलं मोनाझाइट. थोरियम असलेला कचरा नीट न ठेवल्याची तक्रार घेऊन गावकरी १९८५ मध्ये न्यायालयात गेले. १९९२ मध्ये इपोहच्या उच्च न्यायालयाने कारखाना बंद करायचा आदेश दिला, १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि १९९४ मध्ये कंपनीने स्वतःच काम थांबवलं. नंतरच्या सफाईला सुमारे १० कोटी डॉलर लागले. गावातल्या मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाबद्दल आणि जन्मजात व्यंगांबद्दल तिथले लोक आजही बोलतात. कंपनीने जबाबदारी मान्य केली नाही.

वाळूत विखुरलेलं मोनाझाइट ढिगात पडून असतं तोवर त्याचा धोका कमी असतो. आपण ते एकत्र करतो आणि आम्लाने फोडतो, तेव्हा बंदिस्त असलेलं थोरियम आणि त्याच्यापासून बनलेलं रेडियम मोकळं होतं. म्हणून थोरियम साठवण्याची जागा, तिचा खर्च आणि तिची राखण कोण करणार याचं उत्तर पहिल्या दिवशी मिळालं पाहिजे, शेवटच्या नाही. भारतात मोनाझाइट अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतं. ते परवान्याशिवाय कुणालाही हाताळता येत नाही, आणि हा नियम सैल व्हावा असं मला अजिबात वाटत नाही.

ढीग उपसल्याने परिसर सुधारतो की बिघडतो?

दोन्ही होऊ शकतं. गंधकयुक्त खनिजं आणि आर्सेनिक काढून घेतलं, उरलेला माल पक्क्या तळाच्या जागी कोरडा रचला, तर जुनी डोकेदुखी कमी होते. नुसतीच काळी वाळू काढून घेतली आणि बाकीचं परत नाल्याकाठी ओतलं तर आधी जे थिजून बसलं होतं ते पाण्यात उतरतं. गाळाची धरणं किती जीवघेणी ठरतात ते २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलच्या ब्रुमादिन्योमध्ये दिसलं. तिथल्या लोखंडाच्या खाणीचा बांध फुटला. २७० माणसं गेली. अशा बांधाला पुन्हा हात लावायचा तर बांधाची तपासणी आधी, नमुने नंतर.

आपल्या फाउंड्रींचा यात कुठे संबंध येतो?

रोज येतो. एसजी आयर्न, म्हणजे ग्रॅफाइटचे गोळे असलेलं चिवट बीड, ओतणाऱ्या बहुतेक फाउंड्रींत लॅडलच्या (रस ओतायच्या भांड्याच्या) तळाशी नोड्युलरायझर टाकतात. त्यात फेरोसिलिकॉन आणि मॅग्नेशियमबरोबर बहुधा थोडं सेरियम-लँथेनम असतं. भंगारातून आलेलं शिसं, अँटिमनी, बिस्मथ, टायटॅनियम ग्रॅफाइटचा गोळा बिघडवतात. सेरियम त्यांना आवरतं. बिडाच्या रसात सेरियम घातलं की ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात येतं, हे इंग्लंडमध्ये हेन्टन मॉरो यांनी १९४८ मध्ये जाहीर केलं होतं. नोड्युलरायझरची पोती विकत घेताना त्यातल्या ‘आरई’च्या, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या, टक्क्यांकडे बघणारा आपला सुपरवायझर या विषयात नवखा नाही, तो जुना गिऱ्हाईक आहे. बरी गोष्ट अशी की फाउंड्रीला लागणारं सेरियम हे मोनाझाइटमध्ये सगळ्यात जास्त निघणारं मूलद्रव्य आहे, त्यामुळे टंचाईची झळ चुंबकवाल्यांना जास्त बसते.

फाउंड्रीच्या टाकाऊ काळ्या वाळूत मग सेरियम असेल ना?

काढण्याजोगं नाही. ते धातूत आणि थोडं मळीत जातं, वाळूत नाही.

भंगारातल्या चुंबकांचं काय?

इथे मी आनंदाने हो म्हणतो. निओडिमियम चुंबकात वजनाच्या जवळपास ३० टक्के दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं असतात. एक किलो चुंबकात ३०० ग्रॅम. ५०० पीपीएमच्या एका टन ढिगात ५०० ग्रॅम, आणि तीही सगळी हाती न येणारी. म्हणजे फार तर पावणेदोन किलो चुंबक हे एका टन ढिगाच्या तोडीचे, आणि त्यात थोरियम नाही. जुन्या हार्ड डिस्क, स्पीकर, ई-बाइकच्या मोटारी उघडून चुंबक वेगळे काढून ठेवण्याची सवय आपल्या भंगार बाजाराला लागली तर कोल्हापूरचा या कामातला वाटा कथील खाणीशिवायही मोठा होईल. स्पीकरमधले बरेच चुंबक साधे फेराइटचे असतात, काळे आणि ठिसूळ. ते वेगळे ठेवा. निओडिमियमचे चकचकीत, निकेलचा मुलामा दिलेले असतात. मोठे चुंबक एकमेकांवर आपटून बोट सापडतं, लाकडाचा तुकडा मध्ये ठेवूनच ते हाताळा.

माझ्या जमिनीत असं खनिज निघालं तर ते माझं का?

सात-बारा तुमचा असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे राखलेला आहे. शिवाय केंद्राच्या खाणी व खनिजं कायद्यातल्या ऑगस्ट २०२३ च्या दुरुस्तीनंतर महत्त्वाच्या खनिजांच्या काही गटांचा लिलाव केंद्र सरकार करतं, आणि युरेनियम-थोरियम नसलेला दुर्मिळ मृदा गट त्यात आहे. जमिनीच्या नुकसानीची भरपाई मात्र तुमचा हक्क आहे. ‘खनिजाच्या हक्कासाठी’ म्हणून कुणी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागत असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

परदेशातल्या कथील ढिगाच्या कंपनीत पैसे घालायला सांगतात. काय विचारू?

छिद्रं तळापर्यंत गेली का, आणि किती अंतरावर. खनिज कोणतं आणि त्याचे कण केवढे. प्रत्यक्ष काही टन माल धुऊन बघितला का, की नुसत्या पिशवीभर नमुन्यावर गणित मांडलं. काढलेलं मोनाझाइट विकत कोण घेणार, थोरियमसकट घेणार का, आणि तसा लेखी करार आहे का. ढिगाची मालकी आणि जुन्या प्रदूषणाची जबाबदारी कुणाकडे, कारण पुष्कळ देशांत ढीग हलवला की जुना दोषही तुमच्या नावावर येतो. यातल्या खनिजाच्या आणि थोरियमच्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा, बाकीची रंगीत पानं वाचायची गरज नाही.

ओढ्यात काळी, जड वाळू सापडली आहे. ती हीच का?

पंचगंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत अशी वाळू सहज दिसते. बेसॉल्ट झिजून सुटलेलं टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट आहे ते. साधं चुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवा. बहुतेक कण उड्या मारून चिकटतील. चिकटणार नाहीत त्यांतही बेसॉल्टमधली पायरॉक्सिनसारखी खनिजं असतात, मोनाझाइट नव्हे. तरी कुतूहल असेल आणि कॉलेजात भूशास्त्र शिकत असाल तर नमुना नीट घ्या: ओढ्याच्या वळणाच्या आतल्या बाजूने, वरची पाने-माती बाजूला करून, साधारण एक किलो, कापडी पिशवीत. जागेचे अक्षांश-रेखांश आणि खोली चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी पिशवीत टाका, शाई ओल्याने पसरते. वाळू घरी धुवू नका, बारीक कण निघून गेले की पुढची तपासणी फुकट जाते.